गुणगौरव कोणाचा आणि कोणी करावयाचा?

ज्येष्ठ-आषाढात परीक्षांचे निकाल लागले, की वर्तमानपत्रांचे रकाने गुणवंतांच्या छायाचित्रांनी भरून जातात. ज्ञातिसंस्था, सहकारी बँका, मित्रमंडळे असे सारेच मांडव घालतात. शाली पांघरल्या जातात, श्रीफळे हाती येतात, आणि पुढच्या ज्येष्ठापर्यंत सारे विसरून जाते. याची थट्टा करणे सोपे आहे. मला मात्र ही बाब थट्टेवारी नेण्याजोगी वाटत नाही. एखादा समाज कोणाच्या गळ्यात हार घालतो ते पाहूनच त्याच्या घरातील मुले आपण काय व्हावयाचे हे मनाशी ठरवीत असतात.

या प्रश्नाला सध्या एक निकडही आलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपल्या बडोद्यातील मराठी घरांतूनही त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील, आणि ते योग्यच झाले. परंतु अशा दर्जाबरोबर विद्वानांसाठी पुरस्कार, अभ्यासाचे केंद्र, केंद्रीय विद्यापीठांतून अध्यासने अशा गोष्टी येतात. म्हणजे मराठीच्या अभ्यासकांत मोठा कोण, हे निवडण्याचे काम आता कोणास तरी करावे लागणार. ते कसे करावयाचे, याची चर्चा मात्र पेढ्यांच्या मानाने फारच थोडी झाली.

तिचा विचार करू लागलो म्हणजे माझे लक्ष गोमंतकाकडे जाते. विद्यार्थ्याचा आणि अध्यापकाचा गुणगौरव ही आज सर्व विद्यापीठांची रीत झालेली आहे. ती पाश्चात्त्य पद्धतीने आपल्या भूमीवर प्रथम आली, ती जुन्या गोव्यात जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयाबरोबर. आणि त्याच गोमंतकाचे पेडणे व डिचोली हे दोन तालुके असे, की त्या विद्यालयाची सावलीही त्यांच्यावर पडली नाही. या दोहोंकडे एकाच वेळी पाहिले, तर पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

जेझुइटांचा बक्षिसाचा कायदा

फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले, त्याच सुमारास तेथे सेंट पॉल विद्यालयाचा पाया घातला गेला, आणि पुढे थोड्याच वर्षांत ते जेझुइटांच्या हाती आले. त्यांचा या विद्यालयाशी इतका संबंध जडला, की गोव्यात जेझुइटांस ‘पावलिस्त’ म्हणूनच ओळखीत. १५५६ साली ॲबिसिनियास निघालेला एक छापखाना वाटेत गोव्यास राहिला आणि या विद्यालयात बसविला गेला. हिंदुस्थानातील हा पहिला छापखाना. त्यावर प्रथम काय छापले गेले असेल? धर्मग्रंथ नव्हे, सरकारी फर्मान नव्हे. विद्यार्थ्यांनी भर सभेत ज्यांचे मंडन करावयाचे, ती तत्त्वज्ञानाची प्रमेये छापली गेली. त्या छपाईची एकही प्रत आज उरलेली नाही. परंतु आपल्या देशातील छपाईचा श्रीगणेशा विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी झाला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१५९९ साली जेझुइटांनी आपल्या सर्व विद्यालयांसाठी अभ्यासक्रमाची एक संहिता मुक्रर केली. ‘रातिओ स्तुदिओरुम’ हे तिचे नाव. तीत बक्षिसांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. सर्वांत वरच्या साहित्यवर्गास आठ बक्षिसे: लॅटिन गद्यास दोन, लॅटिन पद्यास दोन, ग्रीक गद्यास दोन आणि ग्रीक पद्यास दोन. खालच्या वर्गांत ही संख्या क्रमाने कमी होत जाते. पण मला या प्रकरणातील संख्येपेक्षा रीत अधिक मोलाची वाटते. विद्यार्थ्याने निबंधावर आपले नाव घालावयाचे नाही. एखादी खूण करावयाची. तीच खूण आणि नाव दुसऱ्या कागदावर लिहून तो कागद बंद करून द्यावयाचा. परीक्षक तीन, आणि त्यांत एक विद्यालयाबाहेरचा असला तरी चालेल. तिघांनी सारे निबंध वाचून बहुमताने क्रम लावावयाचा, आणि तो लागल्यावरच नावांचे कागद उघडावयाचे. मग मोठा समारंभ करून, पाहुण्यांच्या सभेत, विजयी मुलांची नावे पुकारून बक्षिसे द्यावयाची.

निवाडा गुप्त आणि गौरव उघड, असे या रीतीचे सार सांगता येईल. आपल्याकडे आजकाल बहुधा याच्या उलट चालते. कोणास पुरस्कार मिळणार हे आधी महिनाभर चहाच्या दुकानात ठाऊक असते. कशासाठी मिळाला, हे मात्र समारंभ आटोपल्यावरही कोणास सांगता येत नाही.

लॅटिन-ग्रीकला आठ, मराठीला एकही नाही

हे जेझुइटांचे कौतुक झाले. आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे, कारण गोव्याने या रीतीतील उणीवही तितक्याच स्पष्टपणे दाखविलेली आहे.

१५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज जेझुइट गोव्यास आला. सासष्टीत त्याने जन्म घालविला, तेथील लोकांची भाषा तो शिकला, आणि १६१६ साली रायतूर येथे त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य. त्याची मूळ छापील प्रत आज कोठे आढळत नाही, तरी हस्तलिखितांवरून ते जगले. १९०७ साली मंगळुरास रोमी लिपीत आणि १९५६ साली पुण्यास देवनागरीत ते पुन्हा निघाले. धर्मप्रचार हा त्याचा हेतू होता हे उघड आहे, आणि त्या काळात गोव्यात देवळांचे काय झाले हे आपण विसरू नये. तथापि ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीचे वळण एका परदेशी माणसाने इतके आत्मसात केले, ही मराठीच्या इतिहासातील असामान्य घटना आहे, हे कोणीही मान्य करील.

आता बक्षिसांची ती यादी पुन्हा डोळ्यांपुढे आणावी. आठ बक्षिसे, आणि आठही लॅटिन व ग्रीक यांस. देशभाषेला एकही नाही. ती बक्षिसे मिळविणाऱ्यांची लॅटिन पद्ये काळाच्या उदरात गेली. चारशे वर्षांनी आपण ज्याचे नाव घेतो, ते काम यादीत न बसणाऱ्या भाषेत झालेले होते. गुणवत्तेची यादी करणारा माणूस स्वतःजवळ असलेल्या मापानेच मोजतो. मापात जे मावत नाही, ते त्याच्या लेखी नसतेच.

दुसरी उणीव याहून खोल. सेंट पॉलमध्ये गोमंतकीय मुलगा शिकू शके, वादात चमकू शके, पुढे पाद्रीही होऊ शके. परंतु ज्या संघाचे ते विद्यालय, त्या संघात त्याला जागा नव्हती. त्या सबंध काळात जेझुइट संघाने पेरू लुईस या कोल्लमकडील एकाच ब्राह्मणास १५७५ साली घेतले, आणि पुढे दोन शतके हिंदी माणसास ते दार बंद राहिले. म्हणजे विद्यार्थी म्हणून शाबासकी मिळेल. अध्यापकाच्या आसनाची आशा धरू नये. अशी शाबासकी फार काळ गोड लागत नाही. जेझुइटांस १७५९ साली पोर्तुगालच्या राजाने आपल्या सर्व मुलखातून हाकलून दिले. पण वृत्ती मागे राहिलीच. १७८७ साली बार्देशातील कांदोळीस पिंटोंचे बंड झाले. वरच्या जागा गोऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या पाहून विटलेले शिकलेसवरलेले गोमंतकीय पाद्री त्यात पुढे होते. गुणाची कदर न होण्याचा राग कोणत्या थरास जातो, हे त्यावरून दिसावे.

नव्या काबीजादीतील दोन तालुके

कांदोळीहून उत्तरेस गेले की शापोरा नदी लागते, आणि नदीपलीकडे पेडणे. हा मुलूख आणि पूर्वेकडील डिचोली दोन्ही सावंतवाडीकर भोसल्यांचे. १७८१ ते १७८८ या अवधीत ते कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. सावंतवाडीचे कोल्हापुरकरांशी वैर होते, आणि पोर्तुगीजांची मदत घेण्याची किंमत म्हणून पेडणे हातचे गेले. आपसांतील भांडणाने मुलूख परक्यास देण्याची ही कथा आपल्याला नवी नाही.

परंतु तारखा पाहा. जेझुइट गेले १७५९ साली, आणि हे तालुके आले त्यानंतर वीस-तीस वर्षांनी. त्यामुळे या ‘नव्या काबीजादीत’ देवळे राहिली, मराठी कीर्तन राहिले, पंतोजींची शाळा राहिली. पण मोठे विद्यालय, छापखाना, बक्षीस समारंभ यांतले काही आले नाही. जुन्या काबीजादीस जे भोगावे लागले, त्यातून हे लोक सुटले. तिला जे मिळाले, त्याला ते मुकले. ज्याला विद्येची भूक होती, त्याला गाव सोडावेच लागे.

पेडण्यातील मांद्रे गावचा रामकृष्ण विठ्ठल लाड हा मुलगा असाच मुंबईस गेला. तेथे बालिकाहत्येवरील निबंधास त्याला ६०० रुपयांचे पारितोषिक मिळाले. त्या काळी ही रक्कम केवढी मोठी! १८५१ साली ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत तो होता. हेच डॉक्टर भाऊ दाजी. पुढे ते मुंबईचे दोनदा शेरीफ झाले, शिलालेख वाचण्यात त्यांनी नाव कमावले, आणि मुंबईच्या राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालय आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. एका पारितोषिकाने एवढा माणूस घडला, असे मी म्हणणार नाही. पण मांद्र्याच्या मुलाचा निबंध वाचून त्याला मान देणारी सभा त्या मुंबईत होती, आणि मांद्र्यात नव्हती, एवढे खरे.

जेझुइट संघ पुढे पुन्हा उभा राहिला आणि त्याचे सेंट झेवियर्स महाविद्यालय १८६९ साली मुंबईस निघाले. तेथे फादर हेरास या स्पॅनिश अध्यापकाने १९२६ साली इतिहास-संशोधनाची संस्था स्थापिली, आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले गोमंतकीय ख्रिस्ती विद्वान जॉर्ज मोराइश यांनी १९३१ साली कदंब राजांचा इतिहास प्रसिद्ध केला. गोव्याच्या कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर. त्याचे देऊळ पोर्तुगीजांनी पाडल्यावर देव डिचोलीतील नार्व्यास गेला, आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथे देवालयाचा जीर्णोद्धार करविला. जेझुइट गुरूच्या ख्रिस्ती शिष्याने डिचोलीत नांदणाऱ्या देवाच्या भक्तराजांचा इतिहास लिहावा, यात विद्येचे खरे वैभव आहे. सेंट पॉलमध्ये जे घडले नाही ते येथे घडले: गुरूने शिष्यास केवळ बक्षीस दिले नाही, आपल्या शेजारी बसविले.

आज पेडण्यात आणि डिचोलीत

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे पेडण्याचेच, आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढण्याचे त्यांचे काम गोव्यात सर्व पक्षांचे लोक मानतात. गोवा विद्यापीठ १९८५ साली सुरू झाले. जेझुइटांचे विद्यापीठ म्हणाल तर गोव्यात आज नाही. भुवनेश्वर आणि कोलकाता येथे अलीकडच्या काळात ती झाली. गोव्यात पर्वरीस त्यांचे इतिहास-संशोधन केंद्र आहे, आणि स्टीफन्सच्या नावाने कोंकणीचे केंद्र आहे. पेडणे-डिचोलीकरांस मात्र आता गाव सोडावे लागत नाही. विर्नोड्यास संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाचे सरकारी महाविद्यालय आहे, साखळीस दुसरे सरकारी महाविद्यालय आहे, डिचोलीस वाणिज्य महाविद्यालय आहे.

एका हिवाळ्यात त्या बाजूस जाणे झाले असता एका गावच्या गुणगौरव समारंभास मी बसलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण असे समारंभ सर्वत्र सारखेच होतात. पाहुण्यांचे स्वागत, स्वागतास उत्तर, देणगीदारांचा सत्कार यांत दोन तास गेले. जिने नाव काढले होते ती मुलगी तोवर उन्हात बसलेली. ती पुढे आली, तेव्हा सूत्रसंचालकांनी तिचे गुण सांगितले, तिच्या वडिलांचे नाव सांगितले, आमदारांचे आभार मानले. तिला पाच वर्षे मराठी शिकविणारे गुरुजी त्या वेळी ध्वनिक्षेपकाची सैल झालेली तार धरून व्यासपीठाच्या कडेला उभे होते. त्यांचे नाव कोणी घेतले नाही. ते त्यांना खटकलेलेही दिसले नाही, आणि मला तेच अधिक लागले.

हे दुखणे लहान नाही. डिचोलीच्या लोखंडाच्या खाणी २०१२ साली थांबल्या, मग सुरू झाल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. ट्रकांच्या हप्त्यांवर घरे चालविणाऱ्यांचे हाल झाले. पेडण्यात मोप्याचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू झाला आणि जमिनीचे भाव चढले. अशा मुलखात तरुणापुढे पैशाच्या वाटा येतात आणि जातात. ग्रंथालयात बसून जुनी दप्तरे वाचणारा, धालोची गाणी टिपून घेणारा, दशावतारी मंडळींचा इतिहास जमविणारा तरुण त्यांच्यापुढे मूर्ख ठरू नये, असे वाटत असेल, तर त्याला कोणीतरी चारचौघांत ‘हे काम मोठे आहे’ असे सांगितले पाहिजे. पुरस्काराचा उपयोग हा आहे. रकमेचा त्यात भाग थोडा.

बडोद्याच्या वाचकांस

आपण हे बडोद्यात बसून का वाचावे? एक कारण असे, की आपलीही मराठी महाराष्ट्राबाहेरची. येथे गुजरातीच्या शेजारात आणि गोव्यात कोंकणीच्या शेजारात ती नांदते. भाषेच्या वाटण्या जेव्हा राज्यांच्या सीमांप्रमाणे होतात, तेव्हा अशा ठिकाणचा अभ्यासक दोन्ही याद्यांतून गळतो. महाराष्ट्र म्हणतो तो बाहेरचा, आणि ज्या राज्यात तो राहतो तेथे त्याची भाषा दुसरी.

दुसरे कारण आपल्या अभिमानाचे. दक्षिणेची प्रथा दाभाडे सेनापतींनी तळेगावास चालविली, ती १७३१ नंतर पेशव्यांनी पुण्यास नेली. ती ब्राह्मणांपुरती आणि शास्त्रांपुरती होती. १८४९ साली पुण्याच्या काही तरुणांनी अर्ज करून दक्षिणेचा पैसा मराठी ग्रंथांस मिळावा अशी मागणी केली, शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, आणि त्यातून ग्रंथांस बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. आपल्याकडे सयाजीराव महाराजांनी श्रावणमासाच्या दक्षिणेस परीक्षेची शिस्त लावली. आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्यास अमेरिकेस जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. जन्म पाहून दान, मग परीक्षा पाहून दक्षिणा, मग काम आणि कुवत पाहून साहाय्य: गुणगौरवाची ही चढती पायरी आपल्या घरातच घडलेली आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी ती पाहिली, त्यांनी आजच्या पुरस्कारांविषयी गप्प राहू नये.

मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, मराठीसाठी जे पुरस्कार येतील त्यांत, आणि आपल्या मंडळांच्या निबंध-स्पर्धांतही, बंद कागदाची ती जुनी रीत जेथे शक्य आहे तेथे पाळावी, आणि निदान एक परीक्षक बाहेरचा असावा. प्रकाशित ग्रंथाचे नाव झाकता येत नाही हे खरे; पण निवडीची कारणे छापता येतात. ज्याला कारणे छापण्याचा संकोच वाटतो, त्याने पुरस्कार देऊ नये.

दुसरी, यादी करताना माप तपासावे. मुंबई-पुण्यात छापलेले, सभेत गाजलेले, तेवढेच विद्वत्तेचे असे धरून चालू नये. विर्नोड्याच्या किंवा साखळीच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांकडून गोळा करविलेली लोकगीते, बडोद्याच्या कोण्या निवृत्त शिक्षकाने लावलेली मोडी दप्तरे, हीही त्यात यावीत. अमेरिकेतील जेझुइट विद्यापीठांत १९१५ सालापासून गुणवंतांचा एक संघ आहे. त्यात प्रवेश देताना विद्वत्तेबरोबर निष्ठा आणि सेवा यांचाही विचार करतात. परीक्षेतील गुणांनी सर्व काही मोजले जात नाही, हे ज्यांनी लॅटिन-ग्रीकची आठ बक्षिसे ठरविली त्यांच्याच वारसांना पुढे कळले, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत सोपी, आणि तिला सरकार लागत नाही. विद्यार्थ्याचा सत्कार कराल तेव्हा त्याच्या शिक्षकास बोलवा, व्यासपीठावर खुर्ची द्या, आणि पाहुण्यांच्या आधी त्यांचे नाव घ्या.

सेंट पॉलच्या विद्यालयाची आज जुन्या गोव्यात एक कमान तेवढी उभी आहे. तिच्यामागील दालने, वादसभा, बक्षिसांचे समारंभ सारे गेले. ज्या भाषेस तेथील यादीत जागा नव्हती, ती भाषा मात्र नदीपलीकडील दोन्ही तालुक्यांत अजून घरोघर वाचली जाते. तीत आज काम करणाऱ्यांस पुढील चारशे वर्षांचा निवाडा होईपर्यंत थांबावयास लावणे बरे नव्हे.